मंत्रिमहोदय, ती गाडी कुणी चोरत नव्हतं!

मा. परिवहनमंत्री, महाराष्ट्र राज्य,

स.न.वि.वि.

मी पुण्यातल्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. महिन्यातून बऱ्याचदा रात्रपाळी असते. सकाळी घरी येऊन आंघोळ, आईचा नाश्ता उरकून नऊच्या सुमारास डोळा लागतो. गेल्या रविवारी तेवढ्यात समोरच्या गाडीचा अलार्म सुरू झाला. थांबला, पुन्हा सुरू झाला. गल्लीतून टँकर गेला की सुरू, मांजर बॉनेटवर चढली की सुरू. मालक कोकणात, फोन बंद. दुपारपर्यंत हेच चाललं, आणि त्याच रात्री मला पुन्हा ड्युटीवर जायचं होतं. झोप न झालेल्या माणसाच्या हातात सलाइन आणि इंजेक्शनं असतात, साहेब.

पोलिसांना फोन केला. उत्तर मिळालं, "मॅडम, मालकालाच सांगा ना." परिवहन कार्यालयात मी याआधीच लेखी अर्ज दिला होता. तिथल्या अधिकाऱ्यांनी "असे बाहेरून बसवलेले अलार्म तपासायची मोहीम घेतो" असा शब्द दिला होता. परवा विचारायला गेले तर आवाजाचं पोलिसांकडे जा म्हणाले. पोलीस म्हणतात, गाडीचं आरटीओकडे. मी कुठे जायचं?

विनाकारण हॉर्न वाजवणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या 194फ कलमाखाली पहिल्यांदा 1000 रुपये, पुन्हा सापडला तर 2000 रुपये दंड आहे. आणि गाडी आपणहून तासभर कोकलत राहिली तर? "आत चालक नाही, पावती कुणावर फाडणार?" हे मला तोंडावर सांगितलं गेलं. अहो, गाडीला नंबरप्लेट आहे! चुकीच्या जागी लावलेल्या गाडीचं चलन मालकाला घरबसल्या येतंच की.

2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. रुग्णालयाभोवती 100 मीटर शांतता क्षेत्र. आमच्या रुग्णालयाच्या पार्किंगमध्ये मध्यरात्री अलार्म वाजतो तेव्हा नुकतं ऑपरेशन झालेले पेशंट दचकून उठतात. दिवाळीच्या रात्री तर एका सुतळी बॉम्बसरशी अख्खी रांग ओरडू लागते.

अलार्म म्हणजे काय, हे मला कळतं. माझी नोकरीच त्यावर चालते. आमच्या मॉनिटरची मर्यादा पेशंट पाहून लावावी लागते. ती फार घट्ट ठेवली तर यंत्र उगाच बोंबलतं, कान सरावतात आणि खरा धोका आला तेव्हा कुणी वळून बघत नाही. गल्लीत तेच झालंय. अलार्म वाजला म्हणून खिडकीतून डोकावणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. उद्या खरंच कुणी काच फोडली तरी लोक खिडक्याच लावून घेतील. मग हा गोंगाट कुणाच्या रक्षणासाठी? आता बहुतेक नव्या गाड्यांत इमोबिलायझर असतो. चिपवाली चावी नसेल तर इंजिन सुरूच होत नाही.

धक्का ओळखणाऱ्या सेन्सरची संवेदनशीलता कमी करणं काही मिनिटांचं काम आहे. दुकानदार ते करत नाही, मालक सांगत नाही, आणि खासगी गाडीची फिटनेस तपासणी थेट पंधरा वर्षांनी. न्यूयॉर्कमध्ये गाडीचा अलार्म तीन मिनिटांत आपोआप बंद झालाच पाहिजे असा कायदा आहे. आपल्याकडे बॅटरी उतरेपर्यंत थांबायचं?

या राज्यात त्रास देणाऱ्याला काहीच सिद्ध करावं लागत नाही. त्रास सोसणाऱ्यानं मात्र वेळ, पुरावा, डेसिबल सगळं आणायचं, आणि डेसिबल मोजायचं यंत्र मागितलं की ते "दुसऱ्या विभागाकडे" असतं. डीजे असो, बांधकाम असो, नाहीतर रिव्हर्स घेताना वाजणारं गाणं, तक्रार करणारीच भांडखोर ठरते. माझ्या सोसायटीत मी ठरलेच आहे.

पीयूसी काढताना अलार्मही तपासा. ठरावीक वेळेत बंद न होणारा अलार्म बसवणाऱ्या दुकानावर कारवाई करा. गाडी वाजत राहिली तर नंबरवरून मालकाला चलन पाठवा, आणि हे काम पोलिसांचं की आरटीओचं ते एकदाच लेखी जाहीर करा. माझ्या अर्जाची पोच माझ्याकडे आहे. त्यावर काय झालं, याचं उत्तर मला लेखी हवं आहे.

कळावे,
रात्रपाळीची एक परिचारिका, पुणे