खुल्या सॉफ्टवेअरच्या निर्यातीचा घोळ

मा. संपादक,

महापे एमआयडीसीत आमचे पाच जणांचे सॉफ्टवेअर युनिट आहे. गेल्या महिन्यात परदेशी ग्राहकाने ऑर्डरआधी फॉर्म पाठवला: वापरलेल्या प्रत्येक ओपन सोर्स (ज्याचा मूळ कोड सर्वांना खुला असतो अशा) घटकाचा निर्यात वर्गीकरण क्रमांक, म्हणजे निर्यात-नियंत्रण नियमांत तो कोणत्या गटात मोडतो ते, लिहा. यादीत ओपनएसएसएल हे माहिती सांकेतिक करून सुरक्षित ठेवणारे (एन्क्रिप्शनचे) खुले सॉफ्टवेअर दिसताच सल्लागार म्हणाले, ‘एन्क्रिप्शन आहे, निर्यात परवाना लागणारच.’ फाइल तीन आठवडे अडकली. शेवटी रात्री जागून नियम मीच वाचले.

अमेरिकी निर्यात नियमांत असे सॉफ्टवेअर ‘५डी००२’ या एन्क्रिप्शन सॉफ्टवेअरच्या वर्गीकरण क्रमांकाखाली येते. पण सोर्स कोड सर्वांसाठी खुला प्रसिद्ध असेल आणि एन्क्रिप्शन प्रमाणित पद्धतीचे असेल, तर तो त्या नियमांच्या कक्षेत राहत नाही. अशा कोडबद्दल अमेरिकी सरकारला ईमेलने कळवण्याची अटही २०२१ मध्ये गेली. मात्र तोच कोड आपल्या बंदिस्त उत्पादनात घातला, की उत्पादनाचे वर्गीकरण वेगळे तपासावे लागते. खरी मेख इथे आहे, आणि नेमके हेच कोणी सांगत नाही.

शस्त्रे आणि नागरी-लष्करी अशा दुहेरी वापराच्या तंत्रज्ञानाच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या देशांच्या वासेनार व्यवस्थेचा भारत २०१७ पासून सदस्य आहे. आपली स्कोमेट यादी (निर्यातीवर नियंत्रण असलेल्या अशा वस्तू व तंत्रज्ञानाची भारताची यादी) काढणाऱ्या डीजीएफटीने, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाने, लहान उद्योजकांसाठी उदाहरणांसह मराठी पुस्तिका काढावी, ही कळकळीची विनंती.

– एक लघुउद्योजक, घणसोली, नवी मुंबई