कोरोनाने नेलेली वर्षे आणि शासनाने दिलेले अकरा महिने

प्रति,
मा. मंत्री महोदय,
कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

स.न.वि.वि.

मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेखाली मी तालुक्याच्या ठिकाणी एका शासकीय कार्यालयात काम करीत होतो. बाकी राहिलेल्या विद्यावेतनाची चौकशी करायला गेल्या आठवड्यात तेथे गेलो, तेव्हा ‘तुमची मुदत संपली, आता वर विचारा’ असे उत्तर मिळाले. वर म्हणजे नेमके कोठे, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नव्हते. मुंबईला येण्याचे भाडे माझ्याकडे नसल्यामुळे हे पत्र लिहीत आहे. आमचे थकलेले विद्यावेतन कोणत्या तारखेपर्यंत जमा होईल, एवढे आपल्या विभागाने लेखी कळवावे, ही पहिली विनंती.

योजनेबद्दल आभार मानणे माझे कर्तव्य आहे आणि ते मी मानतो. ९ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने बारावी उत्तीर्णास दरमहा ६,०००, आयटीआय व पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. सहा महिन्यांची मुदत पुढे पाच महिन्यांनी वाढून अकरा महिने झाली. मी पदवीधर म्हणून दहा हजारांच्या रांगेत होतो. माझ्या शेजारच्या टेबलावर बारावी झालेली एक मुलगी दिवसभर अर्ज ऑनलाइन भरत असे. सहा हजारांना महिन्याच्या सव्वीस कामाच्या दिवसांनी भागले तर दिवसाला दोनशे तीस रुपये पडतात, आणि त्याच वर्षी आपल्या राज्यात रोजगार हमीची मजुरी २९७ रुपये होती. म्हणजे पांदण रस्त्यावर मुरूम टाकणाऱ्या तिच्या आईचा दिवस शासनाच्याच दराने तिच्या दिवसापेक्षा महाग होता. रोहयोचे काम रोज मिळत नाही, हे मी जाणतो. परंतु हा हिशेब मंत्रालयात कोणी केला नसेल, असे मला वाटत नाही.

या अकरा महिन्यांत आम्हाला कोणी काही शिकवले, असेही म्हणता येत नाही. कार्यालयातील मंजूर पदांपैकी काही खुर्च्या वर्षानुवर्षे रिकाम्या होत्या, त्यांवर आम्ही बसलो आणि तेथील साचलेले काम उपसले. शेवटी हाती एक प्रमाणपत्र आले. त्या प्रमाणपत्राला सरळसेवेच्या कोणत्या जाहिरातीत एका गुणाचे तरी मोल आहे, हे आजवर मला कोणीही दाखवू शकलेले नाही. खुर्च्या पुन्हा रिकाम्या झाल्या आहेत आणि साचलेले काम पुढच्या तुकडीची वाट पाहत आहे.

महोदय, हे पहिल्यांदा घडलेले नाही. २०२१ च्या फेब्रुवारीत, राज्यात इतरत्र सारे सुरळीत वाटत असताना, अमरावती आणि यवतमाळ जिल्ह्यांत दुसरी लाट आधी आली. त्या लाटेत मी एका कोविड केंद्रात कंत्राटी पद्धतीने नोंदणीचे काम केले. घरच्यांनी मला अंगणातल्या खोलीत वेगळे ठेवले होते आणि जेवणाचे ताट उंबऱ्याबाहेर सरकवले जाई. लाट ओसरली तसे ‘आपल्या सेवेची आवश्यकता नाही’ असे पत्र मिळाले. तेव्हा निदान पत्र तरी मिळाले होते. पूर आला की गावातल्या पोरांना दोर धरायला बोलवावे आणि पाणी उतरले की त्यांना घरी जायला सांगावे, तशी ही रीत आहे. तरुणांना दिलेला आधार असे तिचे नाव फक्त शासकीय जाहिरातींत असते.

आमच्या पिढीची नेमकी कोणती वर्षे गेली, हे आपणास एकदा क्रमाने सांगितले पाहिजे. मार्च २०१९ मध्ये जिल्हा परिषदांच्या तेरा हजारांहून अधिक पदांची जाहिरात निघाली. मी अर्ज केला, शुल्क भरले, आणि ती परीक्षा कधीच झाली नाही. २४ मार्च २०२० रोजी टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा आमच्या घरातील एक खोली कापसाने भरलेली होती. खरेदी केंद्रे बंद पडली आणि पुन्हा सुरू झाली तेव्हा नोंदणी, टोकन आणि कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर यांच्या चक्रात आमच्या बापासारखे कास्तकार अडकले. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ५,५५० रुपये होता; आम्ही व्यापाऱ्याने दिला तो भाव घेतला, कारण पेरणी तोंडावर आली होती. ४ मे २०२० रोजी वित्त विभागाने आरोग्यासारखी खाती वगळून सर्व नोकरभरती थांबवली. ५ एप्रिल २०२० ची राज्यसेवा पूर्व परीक्षा पुढे पुढे ढकलत २१ मार्च २०२१ रोजी झाली, तीही पुण्यात मुले रस्त्यावर उतरल्यानंतर. टाळेबंदीत गावी परतलेल्या मजुरांसाठी केंद्राने २० जून २०२० रोजी ५० हजार कोटींचे गरीब कल्याण रोजगार अभियान सुरू केले. त्यात सहा राज्यांतील ११६ जिल्हे होते आणि महाराष्ट्रातील एकही नव्हता. चाकण आणि रांजणगावच्या कारखान्यांतून ट्रकच्या टपावर बसून आलेली आमच्या गावची मुले बहुधा कोणाच्या मोजणीत आलीच नाहीत.

आरोग्य विभागाची भरती तेवढी खुली होती, म्हणून तिच्यावर आम्ही जीव टाकला. २५ आणि २६ सप्टेंबर २०२१ ची परीक्षा आदल्या रात्री रद्द झाली. परीक्षा केंद्र परजिल्ह्यात असल्यामुळे मी दुपारीच निघालो होतो, आणि रद्द झाल्याचा निरोप मोबाइलवर आला तेव्हा परतीची गाडी नव्हती. पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या पिकाच्या, फवारणीसाठी ठेवलेले पैसे त्या प्रवासात गेले. पुढे ऑक्टोबरात परीक्षा झाली आणि गट ‘ड’चा पेपर फुटला, अटक झालेल्यांत खात्याचेच अधिकारी होते. डिसेंबरात म्हाडाची परीक्षा पहाटे रद्द झाली. शिक्षक पात्रता परीक्षेच्या घोटाळ्यात तर परीक्षा घेणाऱ्या परिषदेचे प्रमुखच पकडले गेले. आम्हाला घरात बसा असे सांगितले जात होते त्या काळात राज्यात एक धंदा मात्र बिनदिक्कत सुरू होता.

तेव्हाचे सरकार वेगळे होते, असे आपण म्हणाल. ते खरे आहे आणि त्याने आम्हाला काडीचाही फरक पडलेला नाही. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ पदांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. शुल्क राखीव प्रवर्गास नऊशे आणि खुल्या प्रवर्गास हजार रुपये. सरसकट नऊशेच धरले तरी रक्कम नव्वद कोटींच्या पुढे जाते. बेरोजगारांकडून एवढी रक्कम गोळा होते, मग आधार कोण कोणाला देत आहे? त्याच वर्षी ६ सप्टेंबरला नऊ कंपन्यांमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय निघाला आणि ऑक्टोबरात रद्द झाला. पाप कोणाचे, यावर सत्ताधारी आणि विरोधक अशा दोन्ही बाजू महिनाभर भांडल्या. २०२४ च्या निवडणुकीत एका बाजूने २५ लाख रोजगार आणि १० लाख विद्यार्थ्यांना दरमहा १०,००० रुपये जाहीर केले, तर दुसरीने बेरोजगारांना दरमहा ४,००० पर्यंत. राज्यातील मंजूर सात लाखांहून अधिक शासकीय पदांपैकी दोन लाखांहून अधिक रिक्त असताना ती भरण्याचे वेळापत्रक मात्र कोणीच जाहीर केले नाही.

आता वयाविषयी. कोरोनाकाळाबद्दल ३ मार्च २०२३ च्या निर्णयाने कमाल वयोमर्यादेत दोन वर्षांची सूट मिळाली, परंतु ती ३१ डिसेंबर २०२३ पर्यंतच्या जाहिरातींपुरतीच. आपल्या प्रशिक्षण योजनेची मर्यादा १८ ते ३५ वर्षे आहे. माझा थोरला भाऊ टाळेबंदी लागली तेव्हा एकतीस वर्षांचा होता. योजना आली तोवर पस्तिशी ओलांडून बसला होता. ज्याची वर्षे महामारीत सर्वाधिक वाया गेली, त्यालाच महामारीनंतरची ही मदत दारातून परत पाठवते. तो आता रब्बीत दुसऱ्याच्या शेतावर पाणी द्यायला जातो आणि लग्नाचा विषय घरात कोणी काढत नाही.

म्हणून माझी मागणी आहे की, २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे यापुढील प्रत्येक जाहिरातीत आणि प्रत्येक योजनेत आमच्या वयातून वजा धरली जावीत, आणि आमच्या अकरा महिन्यांच्या कामाला त्याच कार्यालयांतील रिक्त पदांच्या भरतीत ठराविक गुण मिळावेत. हे शक्य नसेल तर ‘विचाराधीन आहे’ असे उत्तर कृपया पाठवू नये. नकार स्पष्ट शब्दांत, आपल्या सहीने पाठवावा.

कळावे,

एक माजी प्रशिक्षणार्थी,
जि. यवतमाळ