पाय धरायला बाई चालते, मग ऑपरेशनला का नाही?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नीटचा निकाल लागला की आपल्या पेपरात पहिल्या पानावर पोरींचे फोटो येतात, शेजारी पेढा भरवणारे आई-वडील, बघून बरं वाटतं. पण ह्याच पोरी एमबीबीएस संपवून पीजीला, म्हणजे पुढच्या स्पेशालिस्टच्या शिक्षणाला, कुठं जातात ते कुणी छापत नाही. गायनॅक, पीडिया म्हणजे लहान मुलांचा विभाग, भूल, स्किन, पॅथॉलॉजी. हाडाच्या विभागात डोकावलं तर बाई दिसते ती पेशंट म्हणून, नाहीतर सिस्टर म्हणून. माझी सगळी नोकरी कोल्हापुरात ओटी सिस्टर म्हणजे ऑपरेशन थिएटरमधली नर्स म्हणून गेली, त्यातली बरीचशी ऑर्थोच्या म्हणजे हाडाच्या ओटीत, आता रिटायर आहे, कुणाची भीती नाही, म्हणून लिहितेय.

हाडाचं काम ताकदीचं, बाईला झेपत नाही, हे कारण सगळ्यात आधी पुढं येतं. आपल्या गावात तर ते फारच मुरलंय. हाड सरकलं, पाय मुरगळला की तालमीत वस्तादाकडं जायचं ही कोल्हापूरची जुनी रीत, वस्तादानं खटकन् ओढायचं, पोरगं बोंबलायचं आणि हाड जाग्यावर. वस्तादांबद्दल मला आदरच आहे. पण ओटीत असं काही चालत नाही हो. भूल दिली की स्नायू सैल पडतात, पाय ओढून धरायला फ्रॅक्चर टेबल असतं, ते स्क्रू फिरवून ताण देतं, भोक पाडायला ड्रिल आहे, गुडघा कापायला करवत आहे आणि ती पण मशीनची. निखळलेला खांदा तर हळूहळूच बसवायचा असतो, जोर काढला तर असलेलं हाड मोडायचं. जोर लागतोच नाही असं मी म्हणत नाही, खुब्याचा सांधा निखळला की बसवताना भल्याभल्यांना घाम फुटतो, पण तिथं पुरुष डॉक्टरसुद्धा एकटा कधी करत नाही, दोघं-तिघं लागतातच.

आणि ताकदीचं म्हणाल तर एक गोष्ट सांगते जी ओटीच्या बाहेर कुणाला माहीत नसते. पायाचं ऑपरेशन सुरू करायच्या आधी सगळा पाय औषधानं पेंट करतात, मग ड्रेपिंग म्हणजे निर्जंतुक कापडं गुंडाळणं, आणि तोवर तो पाय कुणीतरी वर उचलून धरायचा असतो. 70 किलोच्या माणसाचा एक पाय 10-12 किलो सहज भरतो, आणि भूल दिलेला म्हणजे निर्जीव, ओला, हातातनं सटकणारा. तो धरतं कोण? सिस्टर नाहीतर मावशी! आमच्यातली सगळ्यात बारकी सिस्टर पण धरायची आणि साहेबांचं हात धुऊन, गाऊन घालून, मोबाईलवरचं बोलणं उरकून होईस्तोवर धरायची, तेव्हा बाईला झेपत नाही असं कुणाच्या मनात पण आलं नाही. पलीकडं डोक्याशी भूल देणारी मॅडम, ती पण तेवढेच तास तिथंच. म्हणजे ओटीत चार बायका आणि एक पुरुष असले तरी ते काम पुरुषाचं.

दुसरं कारण रात्रीअपरात्रीचं. इमर्जन्सी येतात, पुढं लग्न होणार, लेकरंबाळं होणार, मग कसं जमणार म्हणून घरचे पण सांगतात आणि कॉलेजातले सर पण सांगतात, की बाई तू गायनॅक घे. आता मला सांगा, बाळंतपण काय ऑफिस टायमात होतंय? रात्री दोन वाजता सिझरला पळणारी गायनॅकची डॉक्टर बाईच असते ना, तिला घर नाही, लेकरं नाहीत? उलट गुडघा बदलायचं ऑपरेशन महिनाभर आधी तारीख ठरवून सकाळी आठला घेतात. मान्य, अपघाताच्या केसेस सांगून येत नाहीत, हायवे आहे, ऊसाचा सिझन सुरू झाला की ट्रॅक्टर-ट्रॉल्या, गुऱ्हाळाच्या घाण्यात हात गेलेली पोरं, पण रात्र दोन्हीकडं आहे. जिथं बाई हवी असते तिथं रात्र आडवी येत नाही. (आणि जाता जाता, गायनॅक घ्यायला पोरं आता कचरतात, लोक लेडी डॉक्टरच मागतात म्हणून, तेही काही बरं नाही, चांगल्या हाताचा पोरगा तिथं का नसावा.)

खऱ्या अडचणी वेगळ्याच आहेत आणि त्या कुणी बोलत नाही कारण त्या दुरुस्त करता येतात.

सी-आर्मचंच घ्या. ऑपरेशन करताना मधेमधे एक्स-रे बघायचं मशीन. रॉड घालताना, स्क्रू घालताना सारखं लागतं. त्याचं रेडिएशन अंगावर येऊ नये म्हणून शिशाचा ऍप्रन घालतात, पाच-सात किलोचा, आणि बहुतेक ठिकाणी तो एकाच मापाचा, धिप्पाड माणसाच्या. बारीक अंगाच्या मुलीनं घातला की काखेशी मोकळा राहतो, आणि छातीचा काखेकडचा वरचा भाग म्हणजे जिथं ब्रेस्ट कॅन्सर सगळ्यात जास्त होतो तोच भाग उघडा पडतो. मापाचे ऍप्रन मिळतात, काख झाकणारे पण मिळतात. लाखो रुपयांचं सी-आर्म घेणाऱ्या दवाखान्याला दोन बारके ऍप्रन जड व्हावेत? आणि दिवस गेले की काय, ह्याचे पण नियम आहेत. एईआरबी म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाचं सांगणं आहे की रेडिएशनमध्ये काम करणाऱ्या बाईनं गरोदर असल्याचं कळवल्यावर पोटातल्या बाळाला उरलेल्या काळात 1 मिलिसिव्हर्टच्या (रेडिएशन मोजायचं माप) वर डोस जाता कामा नये, म्हणजे कळवायचं, अंगावर किती रेडिएशन आलं ते मोजणारा टीएलडी बॅज लावायचा, काम तसं वाटून घ्यायचं. घरी बसवा असं त्यात कुठंही नाही. पण बॅज ड्रॉवरमध्ये पडलेले मी डोळ्यांनी बघितलेत, आणि आम्हा सिस्टरांना तर कित्येकदा ऍप्रनच पुरायचे नाहीत, फोटो घेताना दाराआड पळायचं. म्हणजे हा प्रश्न नुसत्या डॉक्टर मुलींचा पण नाही.

मग कपडे बदलायची खोली. एका दवाखान्यात दोन पाट्या होत्या, एकीवर डॉक्टर्स, दुसरीवर नर्सेस. डॉक्टर्स म्हणजे अर्थातच पुरुष, त्यामुळं ऑर्थोला एक मुलगी रेसिडेंट, म्हणजे पीजी करणारी डॉक्टर, आली तेव्हा ती आमच्यात बदलायची. आम्हाला आनंदच होता, गोड पोरगी, पण सरांची सगळी चर्चा चहा पीत त्या पलीकडच्या खोलीत व्हायची, उद्याची केस कुणी करायची, प्लेट कुठली टाकायची, कुणाला फर्स्ट असिस्ट म्हणजे सर्जनचा पहिला मदतनीस म्हणून घ्यायचं. ती हात धुऊन बाहेर येईपर्यंत केस दुसऱ्याला गेलेली असायची. कुणी मुद्दाम केलं असंही मला वाटत नाही, आणि म्हणूनच तक्रार कुणाकडं करणार? पुढं तिचं लग्न ठरलं तर सीनियर म्हणाले, चला, एक सीट वाया गेली. तिच्या तोंडावर म्हणाले. तिनं पीजी पूर्ण केलं, पण आता ऑपरेशनं फारशी करत नाही, ओपीडी बघते असं कळलं.

आपण लोक पण काय कमी नाही. प्लास्टर घालून, सगळं समजावून सांगून मुलगी वळली की नातेवाईक विचारणार, सिस्टर, डॉक्टर कधी येणार? हाडाच्या ओपीडीत बसलेल्या म्हाताऱ्या बघा कितीतरी असतात, पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतात, बाथरूममध्ये पाय घसरला की खुबा मोडतो, गुडघे झिजतात ते पण बायकांचेच जास्त. ह्या आज्ज्या मांडी दाखवायला लाजतात, लघवीची नळी घातलेली असते त्याचा त्रास होतोय हे पुरुष डॉक्टरला सांगत नाहीत, आम्हाला हळूच सांगायच्या आणि आम्ही पुढं सांगायचं.

ह्यावर परदेशात अभ्यास पण झालेत. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात 2007 ते 2019 मधल्या 13 लाखांहून जास्त पेशंटची माहिती तपासली, ऑपरेशनं नेहमीचीच, गुडघा-खुबा बदलणं पण त्यात, आणि 2021 साली निष्कर्ष छापला की बाई पेशंटचं ऑपरेशन पुरुष सर्जननं केलं तर महिन्याभरात काहीतरी बिघडायची शक्यता बाई सर्जनपेक्षा साधारण 15 टक्क्यांनी जास्त निघाली. पुरुष पेशंटमध्ये असा फरक दिसला नाही. ह्यावरून पुरुष सर्जन वाईट असं कुणी म्हणू नये, मी आयुष्यभर ज्यांच्या हातात कात्री दिली त्यातले कितीतरी देवमाणसं होती. पण बाई पेशंटचं दुखणं ऐकून घेण्यात कुठंतरी कमी पडतंय एवढं तरी कबूल करा. तिकडं तरी सगळं आलबेल आहे असं नाही, अमेरिकेत रूथ जॅक्सन ह्या बाईंनी 1937 साली ऑर्थोची बोर्ड परीक्षा पास केली, तिथल्या पहिल्याच, आणि एवढी वर्षं होऊनसुद्धा तिथं ऑर्थोत बायका 6 टक्क्यांच्या आसपासच आहेत, मेडिकल कॉलेजात मुली निम्म्याहून जास्त असताना.

आणि आपण तर कोल्हापूरचे. 1886 साली आनंदीबाई जोशी अमेरिकेतनं डॉक्टर झाल्या तेव्हा त्यांना नेमणूक दिली ती कोल्हापूर संस्थानानं, अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये, म्हणजे आजच्या सीपीआर ह्या सरकारी दवाखान्यात. त्या रुजू व्हायच्या आधीच 1887 च्या फेब्रुवारीत गेल्या. पुढं शाहू महाराजांच्या वेळी डॉ. कृष्णाबाई केळवकरांनी तिथं काम केलं. पण आनंदीबाईंची ती नेमणूक बायकांच्या वॉर्डसाठी होती, बायकांना बाई डॉक्टर पाहिजे म्हणून, त्या काळात ते फार मोठं होतं. आज पण आपण पोरीला त्याच वॉर्डकडं बोट दाखवतोय.

राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या 2023 च्या पीजी नियमांत रेसिडेंटना आठवड्याची सुट्टी आणि वाजवी कामाचे तास लिहिलेत, 50 किंवा जास्त माणसं कामाला असली की पाळणाघर पाहिजे असं कायदा 2017 पासून सांगतो. किती दवाखान्यांत आहे ते बघा जाऊन. नवीन काही मागायचं नाहीये, मापाचे ऍप्रन, मुलींना वेगळी ड्यूटी रूम आणि केस वाटपाचा कागद भिंतीवर, एवढं तरी उद्यापासून करता येतं.

आपल्याला एकच विनंती. आपल्या बातमीदाराला माहिती अधिकारात अर्ज टाकायला सांगा, राज्यातल्या प्रत्येक सरकारी मेडिकल कॉलेजात गेल्या पाच वर्षांत एमएस ऑर्थोला मुली किती आल्या, किती पूर्ण करून बाहेर पडल्या आणि मधेच किती सोडून गेल्या. उत्तर आलं की पहिल्या पानावर छापा, जिथं नीटचे फोटो छापता तिथंच.

आपली,
एक निवृत्त ओटी सिस्टर,
राजारामपुरी, कोल्हापूर