बॉयलर खालून कापू नका

संपादक महोदय,

दक्षिण कोरियात उल्सान येथे ६ नोव्हेंबर २०२५ रोजी बंद औष्णिक केंद्राचा साठ मीटरहून उंच बॉयलर टॉवर कोसळून सात कामगार दगावले. सुरुंगाने पाडण्याआधी सांगाडा कापून कमकुवत करण्याचे काम तेव्हा चालू होते. इंग्लंडमधील डिडकोटचे बॉयलर हाऊसही २०१६ मध्ये याच टप्प्यावर बसले आणि चौघे गेले. आपल्याकडे चेन्नईजवळच्या एन्नोरचे ४५० मेगावॉटचे किनाऱ्यावरील केंद्र २०१७ मध्ये बंद झाले. इतरही जुन्या संचांची पाळी येणारच. म्हणून हे पत्र.

मोठा बॉयलर जमिनीवर बसवलेला नसतो. तापल्यावर खाली वाढायला जागा मिळावी म्हणून तो माथ्यावरच्या गर्डरना हँगर रॉडने टांगलेला असतो. सगळा भार वर, आणि हाताशी येणारे जाड लोखंड मात्र खाली. गॅसकटर साहजिकच आधी तिथे लागतो, ब्रेसिंग निघते आणि सांगाड्याचा आडवा आधार जातो. खरा क्रम असा: ट्यूब पॅनेल (नळ्यांच्या भिंती) आणि ड्रम (पाणी-वाफेची टाकी) जॅकने खाली उतरवायचे, मग गर्डर, मग वरून एकेक मजला. धुरातली राख पकडणाऱ्या ईएसपी यंत्रणेचे हॉपर (राखेची नरसाळी) त्याआधी रिकामे हवेत. पावसाचे पाणी शिरले की आतली राख दगडासारखी बसते, आणि तो बोजा कुठल्याच ड्रॉइंगमध्ये नसतो.

किनाऱ्यावर ड्रॉइंगवर विसंबताच येत नाही. सांध्यावरची १२ मिमीची गसेट प्लेट रंगाखाली गंजून निम्मी उरलेली असू शकते. पाणी साचते त्या खांबाच्या बेस प्लेटपाशी तर अल्ट्रासॉनिक मापकाने जाडी मोजूनच हिशेब मांडावा.

वाफेचे पुन्हा पाणी करणाऱ्या कंडेन्सरच्या तांबेमिश्रित किंवा टायटॅनियमच्या नळ्यांवर ठेकेदाराचा डोळा पहिल्या दिवसापासून असतो. पण त्याला थंड करणाऱ्या समुद्राच्या पाण्याची लाइन नुसता बटरफ्लाय व्हॉल्व्ह फिरवून बंद झाली असे समजू नये. जुनी रबर सीट गळते आणि भरतीला टर्बाइनचे तळघर भरते. इनटेकला (पाणी आत घेण्याच्या तोंडाशी) स्टॉप लॉग, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, टाकाव्यात, पाइप तोडून तोंड बंद करणारी ब्लँक प्लेट वेल्ड करावी. कंडेन्सरच्या टोकाचे वॉटर बॉक्स आणि डीएम (पाण्यातले क्षार काढणाऱ्या) प्लांटच्या टाक्या यांना आतून रबराचे अस्तर असते. बाहेरून कटर लावला की आत आग धुमसते आणि बाहेरच्याला धूर दिसेपर्यंत उशीर होतो. तिथे अस्तर आधी सोलावे किंवा थंड (ज्योतीविना) कटिंग करावे.

जनरेटर थंड ठेवणारा त्यातला हायड्रोजन आधी कार्बन डायऑक्साइडने, मग हवेने बाहेर काढावा. अ‍ॅस्बेस्टॉसचे लॅगिंग (उष्णतारोधक आवरण) ओले करून दुहेरी पिशवीत भरावे. कोळशाच्या बंकरच्या लेव्हल गेजमध्ये (पातळी मापकात) किरणोत्सारी स्रोत असेल, तर तो अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवून, नोंद करूनच हलवावा. दिल्लीच्या मायापुरीत २०१० साली भंगारात आलेल्या किरणोत्सारी कोबाल्टने एकाचा जीव घेतला होता.

यातले बरेचसे निविदेत येतच नाही, कारण निविदा टनाच्या भावावर निघते आणि माल जितका लवकर बाहेर पडेल तितका ठेकेदाराचा फायदा. माल उचलण्याची परवानगी टप्प्याटप्प्याने द्यावी: तेल, अ‍ॅस्बेस्टॉस आणि किरणोत्सारी स्रोत निघाल्याशिवाय तांबे नाही, आणि त्या टप्प्याच्या हिशेबावर स्ट्रक्चरल अभियंत्याची सही असल्याशिवाय एकाही खांबाला कटर नाही.

– एक निवृत्त अभियंता, चेंबूर