सत्तावन्नाव्या दिवशी निघणारी त्रुटी : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : बांधकाम परवानगीच्या प्रस्तावातील त्रुटी एकाच वेळी कळविण्याबाबत

महोदय,

मी तालुक्याच्या गावी राहणारा निवृत्त शिक्षक आहे. २२ एप्रिल २०२४ रोजी आमच्या नगरपरिषदेकडून मला तिसरे त्रुटीपत्र मिळाले, म्हणून हे पत्र लिहीत आहे. घराच्या परवानगीसाठी मी १३ फेब्रुवारी २०२३ रोजी अर्ज केला होता, त्याला त्या दिवशी ४३४ दिवस झाले. चालू आर्थिक वर्षाची मालमत्ता कराची पावती जोडलेली नाही, अशी ही ताजी त्रुटी आहे. अर्जासोबत त्या वर्षाची पावती होती, पुढच्या वर्षाचीही मी नंतर जोडली. ३१ मार्च उलटेपर्यंत नस्ती टेबलावर पडून राहिली आणि मग ती पावती जुनी ठरली. ज्या घराचा हा कर आहे ते मातीचे घर २०२२ च्या पावसात भिंत खचल्यामुळे आम्हाला उतरवावे लागले, आज तिथे केवळ जोते उरले आहे.

आपल्या विभागाने २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर केलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत १५० ते ३०० चौरस मीटरच्या भूखंडावरील साध्या घराला, परवानाधारक अभियंत्याच्या प्रमाणपत्रावर, दहा दिवसांत परवानगी देण्याची तरतूद आहे. माझी जागा दोन गुंठे, म्हणजे सुमारे २०२ चौरस मीटर आहे. ती तरतूद वाचून मी घरच्यांना सांगितले होते की पावसाळ्याआधी पाया भरू. त्यानंतर एक पावसाळा भाड्याच्या घरात गेला, दुसरा तोंडावर आला आहे. आजवर १४ महिन्यांचे भाडे १,०५,००० रुपये झाले. बँकेने मंजूर केलेले कर्ज मुदत संपल्यामुळे दोनदा रद्द झाले. माझी आई ८४ वर्षांची आहे. भाड्याचे घर दुसऱ्या मजल्यावर आहे आणि तिला दवाखान्यात न्यायचे तर खुर्चीसकट खाली उतरवायला चार माणसे लागतात. पाया कधी खणणार, हे ती मला रोज विचारते. नगरपरिषदेच्या खिडकीवर मी आजवर ३१ वेळा गेलो आहे, पण या एका प्रश्नाचे उत्तर तिथे मला कोणी दिलेले नाही.

महोदय, मी कायदा वाचला आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४५ नुसार साठ दिवसांत निर्णय झाला नाही तर परवानगी मिळाली असे मानायचे असते. मात्र हे साठ दिवस अर्जाच्या तारखेपासून किंवा त्रुटीला अर्जदाराने दिलेल्या उत्तराच्या तारखेपासून, यांपैकी जी तारीख नंतरची असेल तिच्यापासून मोजायचे आहेत. सारा घोळ या शेवटच्या शब्दांत आहे. पहिली त्रुटी मला सत्तावन्नाव्या दिवशी, ११ एप्रिल २०२३ रोजी मिळाली : मोजणी नकाशाची 'क' प्रत नवी हवी. भूमि अभिलेख कार्यालयाकडून मोजणी होऊन ती हाती पडेपर्यंत ऑगस्ट उजाडला. ऑक्टोबरमध्ये दुसरी त्रुटी निघाली, की समोरच्या रस्त्याची रुंदी माझ्या नकाशात आणि विकास आराखड्याच्या भाग नकाशात जुळत नाही. तो रस्ता पहिल्या दिवशीही तेवढाच रुंद होता, मग ही त्रुटी पहिल्या पत्रात का नव्हती? तिचे उत्तर २६ फेब्रुवारीला दिले आणि छप्पन्नाव्या दिवशी तिसरी आली. हा योगायोग आहे, असे मी मानत नाही.

मानीव परवानगी मिळाली तरी ती कोणाला दाखवायची? शिक्का आणि सही असलेला कागद नसेल तर बँक कर्ज देत नाही, आणि उद्या कोणी तक्रार केली तर त्याच अधिनियमाच्या कलम ५३ ची, म्हणजे विनापरवाना बांधकाम पाडण्याची, नोटीस घराच्या दारावर लागू शकते. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली पहिले अपील त्याच कार्यालयातील वरिष्ठांकडे जाते आणि चुकणाऱ्या अधिकाऱ्याला दंड ५०० ते ५,००० रुपये इतकाच आहे. माझे एका महिन्याचे भाडे ७,५०० रुपये आहे.

जागतिक बँकेच्या व्यवसाय सुलभतेच्या अहवालात बांधकाम परवान्यांबाबत भारताचा क्रमांक २०१८ च्या अहवालातील १८१ वरून २०२० च्या अहवालात २७ वर आला, याचा मोठा गौरव झाला. ती पाहणी फक्त मुंबई आणि दिल्लीची होती आणि त्यात एका गोदामाची परवानगी मोजली गेली होती. आमच्या गावातल्या दोन गुंठ्यांची मोजदाद कोणी ठेवली?

न विचारता बांधणाऱ्यांना मात्र सरकारने वेळोवेळी सांभाळून घेतले. २००१ च्या गुंठेवारी कायद्याची मुदत २०२१ मध्ये वाढवून ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे नियमित करण्याची वाट मोकळी केली. त्या गरीब कुटुंबांबद्दल माझी तक्रार नाही, त्यांनाही याच खिडक्यांनी दमवले असेल. पण परवानगी मागणाऱ्याने वर्षानुवर्षे थांबायचे आणि न मागणाऱ्याचे शुल्क भरून भागायचे, हे शिक्षक म्हणून मी कोणत्या तोंडाने मुलांना समजावू? दाद मागावी तर नगरसेवक नाहीत. नगरपरिषदेची मुदत संपून दोन वर्षे झाली, कारभार प्रशासकाच्या हाती आहे. मुदत संपण्याआधी निवडणूक घ्यावी असे राज्यघटनेचे कलम २४३-यू सांगते आणि बांधकामांचे नियमन हे बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांचे काम म्हणून लिहिलेले आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जे गावाला दिले, ते गावाच्या हाती आहे कुठे?

माझी मागणी एवढीच आहे की साऱ्या त्रुटी पहिल्या पंधरा दिवसांत एकाच पत्राने कळवाव्यात, त्यानंतर नवी त्रुटी काढता येऊ नये, आणि मुदत उलटताच संगणकप्रणालीने मानीव परवानगीचे स्वाक्षरीत प्रमाणपत्र आपोआप द्यावे. ते बँकेने स्वीकारावे, असा आदेशही काढावा.

येत्या सोमवारी मी नवी पावती घेऊन खिडकीवर जाणार आहे. त्या दिवसापासून माझे साठ दिवस पुन्हा एकपासून मोजले जातील.

आपला,
एक अर्जदार