ओव्हरबुकिंगचा नियम काउंटरवर मराठीत लावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सध्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ फिरून राहिला, कुठल्यातरी एअरपोर्टवर एक माणूस काउंटरवरच्या पोरीवर ओरडतोय, तिकीट कन्फर्म असून सीट नाही म्हणे, आणि खाली सगळे ‘बॉयकॉट करा’ लिहून मोकळे. राग बरोबरच आहे हो. पण एवढ्या मेसेजमध्ये एकानेही लिहिलं नाही की अशा वेळी पॅसेंजरला पैसे मिळतात आणि किती.

काही लोक ऐनवेळी येत नाहीत, सीट रिकामी गेली की कमाई बुडाली, म्हणून विमान कंपन्या जास्तीची तिकिटं विकतात, यालाच ओव्हरबुकिंग म्हणतात. पण डीजीसीएचा, म्हणजे विमान कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा नियम आहे, आधी कंपनीने स्वखुशीने थांबणारे शोधायचे, आणि कोणी मिळालं नाही म्हणून वेळेत पोचलेल्या माणसाला जबरदस्तीने थांबवलं तर तासाभरात सुटणारं दुसरं विमान दिल्यास काही नाही, २४ तासांच्या आतलं दिल्यास एकेरी बेसिक भाडं अधिक फ्युएल चार्ज याच्या दुप्पट, कमाल १० हजार, त्याहून उशीर झाला तर चौपट, कमाल २० हजार. दुसरं विमान नकोच असेल तर तिकिटाचे सगळे पैसे परत आणि वर ही चौपट रक्कम. हे दर ऑगस्ट २०१६ पासूनचे आहेत, तिकिटं कुठल्या कुठे गेली तरी आकडे तेच, हा वेगळा विषय.

आमच्या मेहुण्याला सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या एअरपोर्टवर, पुण्याच्या फ्लाइटला असंच थांबवलं. ‘सर, सिस्टममध्ये सीट दाखवत नाहीये, उद्या सकाळची देते’ म्हणून एक कागद सहीसाठी पुढे केला, त्यावर कारण लिहिलेलं ‘लेट रिपोर्टिंग’! हा दीड तास आधी पोचलेला. नशीब टॅक्सीचं बिल मोबाइलमध्ये होतं, त्यावरची वेळ दाखवल्यावर ते खोडलं, आणि ‘डिनाइड बोर्डिंग (म्हणजे कंपनीनेच विमानात घेतलं नाही) असं लिहून द्या’ म्हटल्याबरोबर आतून मॅनेजर आला. लेट लिहिलं की एक पैसा द्यावा लागत नाही, खरी गोम तिथे आहे, आणि ती कुठल्याच व्हिडिओत दिसत नाही.

बोंब मारून काहीच होत नाही असंही नाही. एप्रिल २०१७ मध्ये शिकागोला युनायटेडच्या विमानातून एका डॉक्टरला फरपटत काढलं (तेही कंपनीच्याच स्टाफला सीट हव्या होत्या म्हणून), त्याचा व्हिडिओ जगभर गेला आणि सीट सोडणाऱ्याला द्यायची रक्कम कंपनीला १० हजार डॉलरपर्यंत वाढवावी लागली. पण आपल्याकडे जून २०२२ मध्ये एअर इंडियाला ही भरपाई न दिल्यावरून १० लाखांचा दंड झाला, तो डीजीसीएच्या तपासणीमुळे. आणि दंड सरकारजमा होतो, पॅसेंजरच्या खिशात नाही.

ज्याचे फॉलोअर जास्त त्याला कंपनी लगेच ‘डीएम करा’ म्हणते. यवतमाळहून येऊन मुंबईला लेकीकडे जाणाऱ्या आजीने काय करावं? तिच्यासाठी विमान प्रवासाच्या तक्रारींचं सरकारी पोर्टल एअरसेवा आहे, १९१५ ची ग्राहक हेल्पलाइन आहे, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, पण हे तिला सांगणार कोण?

तेव्हा आपल्या एअरपोर्टवर प्रत्येक चेक-इन काउंटरवर हे दर मराठी आणि हिंदीत, मोठ्या अक्षरात लावावेत, आणि थांबवलेल्या प्रत्येकाला खरं कारण आणि वेळ लिहिलेला कागद न मागता मिळावा.

– एक वाचक, खामला, नागपूर