परीक्षा घेणारा कोण, देणारा कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

माझा नातू सातवीत आहे. परवा त्याची इंग्रजीची वही चाळत होते. डावीकडे क्रियापद, उजवीकडे एक मराठी शब्द, अशी पाठांतराची यादी. त्यात ‘टेक : घेणे’. पुढच्या पानावर त्याचं भाषांतर, ‘द प्लेन टूक ऑफ : विमानाने बंद घेतले.’ त्यावर लाल फुली, पण बरोबर उत्तर कुठेच नाही. मी 28 वर्षं इंग्रजी शिकवलं. ती फुली मला लागली.

त्याला जवळ घेऊन बसले. औषध घेणे, काळजी घेणे, इथवर ‘टेक’चं ‘घेणे’शी जमतं. पुढे फोटो आपण काढतो, बस पकडतो, प्रवासाला वेळ लागतो, मुलगी वडिलांवर जाते. इंग्रजीत सगळीकडे ‘टेक’च, कधी ‘ऑफ’, कधी ‘आफ्टर’ जोडून. परीक्षेचं तर पुरतं उलटं. आपल्याकडे शिक्षक परीक्षा घेतात, मुलं देतात. इंग्रजीत मात्र ती ‘टेक’ करतो विद्यार्थी आणि ‘गिव्ह’ करतो शिक्षक. आपली पदवीधर मुलंही ‘आय गेव्ह द एक्झाम’ म्हणतात. त्यांना काय बोल लावायचा? ‘गिव्ह म्हणजे देणे’ हे आम्हीच घोकून घेतलं.

‘टेक’ मूळचा व्हायकिंगांच्या, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या दर्यावर्दी लोकांच्या, नॉर्स भाषेतला. इंग्लंडात येऊन त्याने ‘निमन’ या जुन्या इंग्रजी क्रियापदाची जागा बळकावली. रोज तोंडात असणाऱ्या शब्दावर अशी कामं साचत जातात. आपलं ‘लागणे’च पाहा. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, एसटी फलाटाला लागते आणि घाटात पोट ढवळलं की तीच एसटी आपल्याला लागते. एवढं सगळं एका इंग्रजी शब्दात कोण बसवणार?

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. पण ज्या घरात विचारायला कुणी नाही, तिथल्या मुलाला वहीतली यादी हाच आधार. तेव्हा शिक्षक बंधुभगिनींना कळकळीची विनंती, क्रियापदाचा सुटा अर्थ देऊ नका, अख्खं वाक्य द्या. यादीतले शब्द निम्म्यावर आले तरी चालतील. आणि फुली मारलीत तर शेजारी बरोबर वाक्यही लिहा.

नातवाच्या वहीत आम्ही ‘टेक’ला दोन कोरी पानं दिली आहेत. पहिलं वाक्य त्यानेच लिहिलं, ‘विमानाने उड्डाण केले.’

– एक निवृत्त शिक्षिका, कराड